धर्मशाळा (पुणे–आळंदी मार्ग)

धर्मशाळा : वाटसरू, यात्रेकरू आणि त्यांच्या जनावरांसाठी दानातून बांधलेला निवारा. भाडे न घेता किंवा नाममात्र मोबदल्यात उतरण्याची सोय हे तिचे मुख्य लक्षण. पुणे जिल्ह्यात ही परंपरा आजही चालू स्थितीत पाहायची तर पुण्याहून दिघीमार्गे देवाच्या आळंदीला जाणारा रस्ता सर्वांत सोयीचा. पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीतील दिघी आळंदीपासून सुमारे 10 किमी.वर आहे.

रचना : जुन्या धर्मशाळेत मध्ये चौक, भोवती खांबांवर तोललेल्या ओवऱ्या, भिंतीत दिव्यासाठी कोनाडे, आवारात आड किंवा विहीर आणि बैलघोड्यांसाठी ठाण अशी मांडणी आढळते. युरोपातील घोडागाडीच्या थांब्यावर जेवण व दारू विकणारा मालक असे. इथे अन्न सहसा विकले जात नसे. सोवळेओवळे आणि जातीचे निर्बंध यांमुळे प्रवासी शिधा बरोबर बाळगत आणि स्वतःची चूल मांडत. त्यामुळे खानावळीपेक्षा पाणी, सरपण आणि चुलीपुरती मोकळी जागा यांना महत्त्व होते. याच निर्बंधांमुळे सर्व जातींना सारखा प्रवेशही नव्हता.

डाक बंगला : इंग्रजी अमलात अधिकारी व युरोपीय प्रवाशांसाठी सरकारी बंगले उभे राहिले. तिथे खानसामा असे, नोंदवही असे आणि मुक्कामाचे ठरावीक भाडे द्यावे लागे. बोरघाटातून चाकांच्या वाहनांसाठी बांधलेला रस्ता 1830 मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम यांनी खुला केला, तेव्हा पनवेल–खोपोली–खंडाळा–पुणे या वाटेवरील मुक्कामांना महत्त्व आले. खोपोलीत नाना फडणविसांनी बांधलेला तलाव आणि महादेवाचे मंदिर हा या वाटेवरचा त्याआधीचा विसावा.

रेल्वेचा परिणाम : पुणे–खंडाळा रेल्वे 1858 मध्ये सुरू झाली, घाटातील लोहमार्ग 1863 मध्ये पूर्ण झाला. मधली पाच वर्षे प्रवासी खोपोली ते खंडाळा हा टप्पा पालखी, तट्टू किंवा गाडीने ओलांडत. लोहमार्ग जोडला गेल्यावर घाटवाटेवरील मुक्कामांची गरज ओसरली. देवाच्या आळंदीला मात्र रेल्वे गेलीच नाही. यात्रेकरू दिघीच्या वाटेने पायी आणि बैलगाडीने, पुढे मोटारीने येत राहिले आणि धर्मशाळांचे काम सुटले नाही.

वारीचा मार्ग : ज्ञानेश्वरांनी 1296 मध्ये आळंदीत समाधी घेतली. त्यांच्या पादुकांच्या पालखी सोहळ्याला एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी आजचे रूप दिले. प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला होते. दुसऱ्या दिवशी पालखी वडमुखवाडीतील थोरल्या पादुकांपाशी विसावा घेऊन दिघी, विश्रांतवाडीमार्गे पुण्यात येते. रथाला बैल जुंपतात आणि सोहळ्याचे अश्व बेळगाव जिल्ह्यातील अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येतात. एरवी मालमोटारी आणि कारखान्यांच्या बसगाड्यांनी भरलेल्या या रस्त्यावर त्या दिवशी जनावरांनी ओढलेल्या वाहनाला वाट मोकळी करून दिली जाते.

संग्रहालयात रूपांतर : प्रवासी निवारा संग्रहालय होतो तो बहुधा रहदारी त्याला सोडून गेल्यावर. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील न्यूबरी पार्क येथे 1876 मध्ये ‘ग्रँड युनियन हॉटेल’ म्हणून बांधलेला घोडागाडीचा थांबा आज ‘स्टेजकोच इन म्युझियम’ आहे. महामार्ग रुंदीकरणामुळे 1965 मध्ये ती इमारत मूळ जागेवरून हलवली गेली, 1970 मध्ये जळाली आणि नंतर तिची प्रतिकृती उभारण्यात आली. तिथे वस्तू जपल्या आहेत, वापर संपला आहे. आळंदीत उलट घडते : लाकडी खांबांच्या ओवऱ्या जाऊन सिमेंटच्या मजली इमारती आल्या, पण उतारूंचा वापर टिकून आहे. जुने बांधकाम त्यामुळेच अधिक धोक्यात आहे. गर्दी वाढली की मोडकळीस आलेली ओवरी दुरुस्त करण्यापेक्षा पाडून नव्या खोल्या काढणे विश्वस्तांना परवडते.

भेट : इमारत नीट पाहायची तर एकादशी आणि यात्रेचे दिवस टाळावेत, तिचा उपयोग पाहायचा तर कार्तिक वद्य एकादशीच्या सुमारास जावे. त्या काळात ओसरीवर दिंडीच्या पत्र्याच्या पेट्या रचलेल्या असतात, खुंटीला मृदंग आणि टाळ टांगलेले असतात, दोरीवर धोतरे-लुगडी वाळत असतात आणि मागच्या अंगणात मोठ्या पातेल्यांत स्वयंपाक चाललेला असतो. खोल्यांच्या दारांवरील संगमरवरी पाट्याही वाचाव्यात. देणगीदाराचे नाव, गाव, कुणाच्या स्मरणार्थ खोली बांधली आणि किती रक्कम दिली, हे त्यांवर कोरलेले असते. कोणत्या गावांचा आळंदीशी संबंध होता आणि कोणत्या काळात किती पैशांत खोली उभी राहत होती, याचा पुरावा या पाट्यांत मिळतो. नूतनीकरणात पाटी काढण्यापूर्वी तिचे छायाचित्र व मजकूर नोंदवून ठेवणे हा या वास्तूंच्या जतनातील सर्वांत स्वस्त आणि निकडीचा उपाय होय.