रोग्याला बांधावे की सांभाळावे?

रोगी परिचारिकेच्या अंगावर धावून आला तर काय करावे, हा प्रश्न इस्पितळांइतकाच जुना आहे. मनोरुग्णालयांत त्याचे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या एकच होते : रोग्याला बांधून ठेवा. ते कोणी बदलले, हे पाहण्यासारखे आहे.

पॅरिसच्या बिसेत्र इस्पितळातील साखळदंड डॉक्टर पिनेल यांनी तोडले, असे सांगण्याचा प्रघात आहे. पण पिनेल १७९५ साली तेथून दुसऱ्या इस्पितळात गेले होते. साखळ्या उतरल्या त्या १७९७ साली, आणि उतरविल्या त्या ज्यां-बातिस्त प्यूसँ यांनी. हे गृहस्थ मूळचे कातडी कमावणारे. गंडमाळेचे रोगी म्हणून ते बिसेत्रमध्ये आले आणि बरे झाल्यावर तेथेच नोकरीस राहिले. रोग्याने मारले तरी सेवकाने उलट हात उचलू नये, असा त्यांचा दंडक होता. बऱ्या होत आलेल्या रोग्यांतून ते सेवक निवडीत. साखळीच्या जागी मात्र लांब बाह्या पाठीमागे बांधायचा जाड सदरा आला.

त्या सदऱ्याचीही कथा ऐका. इंग्लंडातील लिंकन येथे १८२९ साली एका रोग्याला तो सदरा घालून, खाटेला जखडून रात्रभर एकटे ठेवले. तो दगावला. तेव्हा नियम झाला, की रात्री कुणाला बांधले तर त्याच्याजवळ माणूस बसला पाहिजे. माणूस बसू लागला आणि बांधण्याची गरजच कमी होत गेली! १८३८ साली तेथील डॉक्टर रॉबर्ट गार्डिनर हिल यांनी कारागिरांच्या शिक्षणसंस्थेत जाहीर व्याख्यान देऊन सांगितले, की पुरेसे आणि लायक सेवक असतील तर बांधण्याची आवश्यकता नाही. पुढल्याच वर्षी डॉक्टर कॉनली यांनी हॅनवेलच्या सुमारे आठशे रोग्यांच्या रुग्णालयात तेच करून दाखविले.

श्रोतेहो, यातील 'पुरेसे' हा शब्द आम्हां कामगार-कार्यकर्त्यांना फार मोलाचा वाटतो. आपल्या देशात २०१७ च्या मानसिक आरोग्याच्या कायद्याने शिक्षा म्हणून बांधण्यास मनाई केली. केवळ नोकरवर्ग अपुरा आहे म्हणून बांधण्यासही मनाई केली. कायदा योग्यच आहे. पण दोरी काढून घेतली आणि माणूस दिला नाही, तर रात्रपाळीची एकटी परिचारिका काय करील? मार बसला की "तुम्ही काय बोललात त्याला?" हा पहिला प्रश्न तिलाच विचारला जातो, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. पाळीवर माणसे किती होती, हे क्वचितच कुणी विचारतो.

इस्पितळावर हल्ला करणाऱ्यास शिक्षा देणारा कायदा महाराष्ट्रात २०१० साली झाला. दांडगाई करणाऱ्यांना त्याचा धाक असावा. परंतु वाताच्या झटक्यात हात उगारणाऱ्या रोग्याला तुरुंगाचे भय काय कळणार? तेथे उपयोगी पडतो तो शेजारी उभा असलेला दुसरा शिकलेला माणूस.

रोग्याची अब्रू आणि परिचारिकेची सुरक्षितता यांत भांडण नाही. दोहोंची मागणी एकच आहे. आपले माणूस इस्पितळात असेल, तेव्हा औषधांबरोबर एवढेही विचारा : आज रात्री या वॉर्डात किती जणी आहेत?