मिशिगन सरोवरातील सॅल्मनची मासेमारी

चालत्या नौकेमागे गळ ओढत मासे पकडण्याच्या पद्धतीस ट्रोलिंग म्हणतात. अमेरिकेतील सुमारे ५८ हजार चौरस किलोमीटरच्या मिशिगन सरोवरात सॅल्मनसाठी हीच पद्धत रूढ आहे. चिनूक जातीच्या सॅल्मनला साधारण १२ अंश सेल्सिअसचे पाणी मानवते. उन्हाळ्यात पृष्ठभाग तापला की हा मासा खोल उतरतो. त्यामुळे तारेला जड गोळा बांधून सोडतात व गळाची दोरी त्या तारेवरील चिमट्यात अडकवतात. मासा लागताच दोरी चिमट्यातून सुटते आणि खरी झुंज सुरू होते.

हा मासा मूळचा येथील नव्हे. परजीवी लॅम्प्रे आणि बेसुमार मासेमारी यांमुळे लेक ट्राउट हा स्थानिक शिकारी मासा नष्टप्राय झाला. परिणामी, अटलांटिककडून कालव्यावाटे आलेल्या एलवाईफ या लहान माशाला शत्रूच उरला नाही. तेव्हा मिशिगन राज्याचे मत्स्यविभाग प्रमुख हॉवर्ड टॅनर यांच्या पुढाकाराने १९६६ मध्ये प्रशांत महासागराकडील कोहो आणि १९६७ मध्ये चिनूक सॅल्मनची पिल्ले सोडण्यात आली. १९६७ च्या उन्हाळ्यात तर मेलेल्या एलवाईफचे ढीग किनाऱ्यांवर सडत होते.

उपाय धाडसी होता. तो यशस्वीही ठरला. परंतु चिनूकचे पोट आजही प्रामुख्याने एलवाईफवरच भरते. शेजारच्या ह्यूरॉन सरोवरात २००३-०४ च्या सुमारास एलवाईफ जवळजवळ नाहीसे झाले आणि चिनूकची मासेमारी कोसळली. हीच वेळ टाळण्यासाठी मिशिगन सरोवरात सोडल्या जाणाऱ्या चिनूकच्या पिल्लांची संख्या २०१३ मध्ये निम्म्यावर आणण्यात आली.