लाखेच्या तबकडीवर नाव कुणाचं?

(बोललेल्या भागाची लेखी आवृत्ती. वाचताना अडखळायला होऊ नये म्हणून वाक्यं थोडी नीट केली आहेत, बाकी जसं बोललो तसंच.)

आज आधी एक छोटा प्रयोग. माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' फोनवर लावा. घरात हार्मोनियम किंवा कीबोर्ड असेल तर पहिल्याच गाण्याबरोबर एकेक सूर दाबून बघा. जुळतील. पण समजा, 1959 साली निघालेली मूळ एलपी लावून कुणी हेच केलं असतं, तर पहिल्या बाजूची तिन्ही गाणी ना या पट्टीत बसली असती ना त्या. दोन पट्ट्यांच्या फटीत अडकली असती.

कारण अगदी साधं आहे. 2 मार्च 1959 ला न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत ती तीन गाणी ध्वनिमुद्रित झाली, तेव्हा मुख्य टेप मशीन जरा हळू फिरत होतं. हळू फिरणाऱ्या मशीनवर भरलेली टेप नेहमीच्या वेगाने वाजवली की गाणं किंचित पळतं आणि सूर चढतो. दुसऱ्या बाजूचं ध्वनिमुद्रण 22 एप्रिलला झालं, ते बरोबर होतं. म्हणजे जगातल्या सगळ्यात जास्त विकल्या गेलेल्या जॅझ अल्बमांपैकी एक, आणि त्याची एक बाजू 33 वर्षं चढ्या सुरात विकली गेली! जे रेकॉर्डबरोबर ट्रम्पेट किंवा पियानो वाजवून शिकायचे त्यांना कळायचं, काहीतरी गडबड आहे. ते बिचारे आपलंच वाद्य जुळवत बसायचे.

त्या दिवशी एक दुसरं मशीनही चालू होतं, राखीव टेपचं. ते बरोबर फिरत होतं. 1992 च्या रीइश्यूसाठी ती राखीव टेप वापरली आणि चूक दुरुस्त झाली. माइल्स 1991 च्या सप्टेंबरमध्ये गेला. कोल्ट्रेन, कॅननबॉल ॲडर्ली, बिल एव्हान्स, विंटन केली, पॉल चेंबर्स तर त्याच्याही आधी. त्या बँडमधला एकटा जिमी कॉब हयात होता, आणि तो ड्रमर!

हे सगळं सांगायचं कारण असं, की 'रीइश्यू' म्हटलं की आपल्याला वाटतं जुनाच माल नव्या पाकिटात घालून महाग विकायचा. तसंही होतं, नाही म्हणत नाही. पण रीइश्यूचा खरा इतिहास हौशी लोकांच्या भांडणांचा आहे, आणि ती भांडणं बहुतेक वेळा एकाच प्रश्नावरून झालीत: हे वाजवतंय कोण?

दुकानातली मंडळी

चला 1930 च्या दशकात. 1929 च्या मंदीनंतर अमेरिकेत रेकॉर्डचा धंदा बसला. कंपन्या बुडाल्या, विकल्या गेल्या. लुई आर्मस्ट्राँग, किंग ऑलिव्हर, बिक्स बायडरबेक यांच्या दहा-बारा वर्षांपूर्वीच्या तबकड्या यादीतून गायब झाल्या. एका बाजूला तीन मिनिटं मावणाऱ्या त्या 78 च्या लाखेच्या तबकड्या. खाली पडली की संपली.

न्यूयॉर्कमध्ये ग्रँड सेंट्रल स्टेशनजवळ 42 व्या रस्त्यावर कमोडोर म्युझिक शॉप नावाचं दुकान होतं. मूळ धंदा रेडिओचा. मालकाचा मुलगा मिल्ट गॅबलर जॅझवेडा. त्याने कंपन्यांकडे पडून असलेला जुना माल उचलायला सुरुवात केली. तो संपला तेव्हा तो थेट कंपन्यांकडे गेला: तुमच्याकडे जुने साचे आहेत ना? मग त्यावरून मला थोड्या प्रती काढून द्या, मी विकत घेतो. जॅझच्या रीइश्यूची ही सुरुवात समजा. 1935 मध्ये त्याने आणि इतर मंडळींनी युनायटेड हॉट क्लब्ज ऑफ अमेरिका ही संघटना काढली आणि तिच्या लेबलखाली जुन्या तबकड्या पुन्हा आणल्या. त्यात एक गोष्ट नवी होती. लेबलवर सगळ्या वादकांची नावं छापली होती.

आज वाटतं, त्यात काय एवढं? पण तोपर्यंत लेबलवर बँडप्रमुखाचं नाव असायचं, बस. आणि तेही खरं असेलच असं नाही. ड्यूक एलिंग्टनचा बँड वेगवेगळ्या कंपन्यांसाठी वेगवेगळी नावं घेऊन वाजवायचा. कुठे 'द जंगल बँड', कुठे 'द व्हूपी मेकर्स'. करारात अडकलेला वादक टोपणनावाने यायचा. ही सवय पुढेही गेली. 1953 मध्ये माइल्सच्या एका ध्वनिमुद्रणात चार्ली पार्करने सॅक्सोफोन वाजवला आणि अल्बमवर त्याचं नाव आलं 'चार्ली चॅन'. गंमत म्हणजे त्या अल्बमचं नावच होतं 'कलेक्टर्स आयटम्स'.

इथे आपल्याकडची आठवण येते. 1902 पासून गौहर जानच्या तबकड्या निघाल्या, त्यात गाणं संपलं की ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते. कारण साचे जर्मनीला जायचे आणि तिकडच्या माणसाला लेबल कुणाचं लावायचं ते कळायला हवं. त्यामुळे आपल्या जुन्या संग्राहकांचं निम्मं काम सोपं झालं. जॅझमध्ये असं नाव सांगणारं कुणी नव्हतं.

मग ओळखायचं कसं? तर कानाने. दुकानात चार-पाच जण उभे राहून एकच तबकडी पुन्हा पुन्हा लावायचे. दुसरा पुरावा म्हणजे मॅट्रिक्स नंबर. लेबल आणि खाचा यांच्या मधल्या गुळगुळीत पट्टीवर बारीक कोरलेला आकडा. त्यावरून कोणतं ध्वनिमुद्रण आधीचं, कोणतं नंतरचं, आणि एकाच गाण्याचा कितवा टेक, ते शोधता येतं. टेक महत्त्वाचा का? आपण एकाच गायकाचा यमन दोन मैफिलींत ऐकतो, तेव्हा दोन्ही वेळा नवीन काही सापडतं. तसंच. दुसऱ्या टेकमध्ये सोलो पूर्ण वेगळा असू शकतो. पॅरिसच्या शार्ल दलोनेने 1936 मध्ये हे सगळं गोळा करून 'हॉट डिस्कोग्राफी' हे पुस्तक काढलं: कोण, कधी, कुठे, कोणाबरोबर. आज आपण ॲपवर 'क्रेडिट्स' दाबतो ना (कितीजण दाबतात, देव जाणे), त्याचा पूर्वज म्हणजे हे पुस्तक.

आणि ज्यांचं नाव, त्यांचं काय?

आता थोडं कडू. न्यूयॉर्कमध्ये किंग ऑलिव्हरच्या 1923 च्या तबकड्यांवर हुज्जती चालू होत्या, तेव्हा स्वतः किंग ऑलिव्हर जॉर्जियातल्या सव्हाना गावात होता. दात खराब झालेले, कॉर्नेट वाजवणं सुटलेलं, एका पूल हॉलमध्ये झाडूकाम. 1938 मध्ये तो तिथेच गेला. लुई आर्मस्ट्राँगचा गुरू हा माणूस. तबकड्यांची किंमत वाढत होती, आणि त्यातला एक पैसाही त्याला मिळायचं कारण नव्हतं. वादकांना त्या काळी सहसा एकदाच ठरलेली रक्कम मिळायची. जुनी तबकडी हातोहात विकली गेली, तर फायदा विकणाऱ्याचा.

पण याच मंडळींनी त्याच सुमारास एक उलटं कामही केलं. 'जॅझमेन' या पुस्तकासाठी माहिती गोळा करताना बंक जॉन्सन हे नाव परत परत येत होतं. न्यू ऑर्लिन्सचा जुना ट्रम्पेटवाला. पत्रापत्री करून त्याला लुइझियानातल्या न्यू आयबेरिया गावात शोधलं. दात नव्हते, वाद्य नव्हतं. लोकांनी वर्गणी काढली. कवळी केली ती सिडनी बेशेच्या दंतवैद्य भावाने! ट्रम्पेट आला, आणि 1942 मध्ये बंक जॉन्सनचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं. तो आपलं वय बरंच वाढवून सांगत होता, असं पुढच्या संशोधकांना वाटतं. जितका म्हातारा तितका अस्सल, हे त्याला बरोबर कळलं होतं. संग्राहकांना अस्सलतेचं वेड असतं, आणि वेड्याला फसवणं सोपं.

हे वेड पुढे अंगाशीही आलं. चाळिशीत चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी यांचं बीबॉप आलं तेव्हा जुन्या तबकड्यांवर जीव लावणारे अनेक जण म्हणाले, हे जॅझच नाही. नव्या पोरांनी त्यांना नाव ठेवलं 'मोल्डी फिग', बुरशी आलेलं अंजीर.

लाख कुठून यायची?

तबकडी लाखेची म्हणतो, तर ती लाख प्रामुख्याने भारतातून जायची. पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवर किडा जी लाख तयार करतो तीच. खरवडून, शिजवून, पापडासारखी पत्री करून बोटीने रवाना. दुसऱ्या महायुद्धात बोटी अडल्या, लाखेची लष्कराला गरज पडली, आणि 1942 मध्ये अमेरिकन सरकारने रेकॉर्डसाठीचा लाखेचा वापर 70 टक्क्यांनी कमी करायला लावला. मग काय, जुन्या तबकड्या गोळा करा, दळा, त्यातून नव्या करा. नवी हवी तर जुनी आणून द्या. त्या ढिगांत काय काय गेलं असेल, विचार करा. धातूचे साचेही भंगारात गेले. म्हणून 1920 च्या दशकातलं बरंच संगीत आज आपण ऐकतो ते कंपनीच्या साच्यावरून नव्हे, तर कुणा संग्राहकाने जपलेल्या, ओरखडे पडलेल्या एका प्रतीवरून.

कुस्कुनाची वही

ब्लू नोट ही कंपनीही अशाच एका जॅझवेड्याची. बर्लिनहून आलेल्या आल्फ्रेड लायनने 23 डिसेंबर 1938 ला कार्नेगी हॉलमध्ये बूगी-वूगी पियानो ऐकला, आणि दोन आठवड्यांत, 6 जानेवारी 1939 ला, त्याच दोन पियानोवादकांना, अल्बर्ट ॲमन्स आणि मीड लक्स लुइस यांना, स्टुडिओत बसवलं. पुढची गोष्ट प्रसिद्ध आहे, ती सोडतो. साठीच्या दशकात त्याने कंपनी विकली आणि 1967 मध्ये निवृत्त झाला.

मायकल कुस्कुना हा रेडिओवरचा, लिहिणारा मुलगा. वादकांशी गप्पा मारताना प्रत्येक जण म्हणायचा, अरे, आम्ही अमक्याबरोबर एक ध्वनिमुद्रण केलं होतं, ते कधी आलंच नाही. तो हे वहीत टिपून ठेवायचा. कंपनीच्या नव्या मालकांकडे वही घेऊन खेटे घातले, कुणी दाद देईना. शेवटी 1975 मध्ये, आत काम करणाऱ्या चार्ली लौरीमुळे, दार उघडलं. आत टेपांचे ढीग. कित्येकांवर गाण्यांची नावं नाहीत, वादकांची नावं अर्धवट. मग पुन्हा तेच जुनं काम: कान लावा, वादकांना फोन करा, टेप ऐकवा, विचारा 'हा तूच का?' पुढे म्हाताऱ्या आल्फ्रेड लायननेही मदत केली.

त्यातून काय निघालं? ली मॉर्गनचा 'टॉम कॅट' 1964 मध्ये ध्वनिमुद्रित झाला होता, आला 1980 मध्ये. 'द साइडवाइंडर' एवढा चालला, की कंपनीला तसंच दुसरं हवं होतं, हा राहिला बाजूला. ली मॉर्गन तोवर नव्हता, 1972 मध्येच गोळी लागून गेला होता. ग्रँट ग्रीनचे 1964 चे 'मॅटाडोर' आणि 'सॉलिड' 1979 मध्ये बाहेर आले. ग्रँट ग्रीन त्याच वर्षीच्या जानेवारीत वारला होता. ही पंधरा वर्षं लवकर संपली असती तर त्यांना काम मिळालं असतं, नाव झालं असतं. मला स्वतःला कपाटातल्या या टेपा ऐकताना आनंद होतो आणि जरा लाजही वाटते.

कुस्कुना आणि लौरी यांनी 1983 मध्ये मोझेक रेकॉर्ड्स काढली. टपालाने विक्री, मर्यादित प्रती, प्रत्येक पेटीवर क्रमांक, आत जाड पुस्तिका. पहिल्या पेट्यांमध्ये थेलोनिअस मंक होता आणि ॲमन्स-लुइसची तीच 1939 ची ध्वनिमुद्रणंही. कुस्कुना 2024 च्या एप्रिलमध्ये गेला.

शोध अजून थांबलेले नाहीत. 2005 मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये टेपा डिजिटल करताना लॅरी ॲपलबॉम यांना एका डब्यावर 'टी. मंक' लिहिलेलं दिसलं. आत होता 29 नोव्हेंबर 1957 चा कार्नेगी हॉलचा कार्यक्रम, मंक आणि कोल्ट्रेन एकत्र. ज्या जोडीचं जवळपास काहीच उपलब्ध नव्हतं, तिचा अख्खा कार्यक्रम!

आणि कानांचा फार गर्व नको, म्हणून एक किस्सा. 2022 मध्ये ॲरिझोनातल्या एका रेकॉर्ड दुकानदाराने व्हिडिओ टाकला, की मोबाइल फिडेलिटी या नामांकित कंपनीच्या महागड्या रीइश्यूंमध्ये मधे एक डिजिटल टप्पा असतो. कंपनीच्या इंजिनिअरांनी ते मान्य केलं. डिजिटल आवाज आपण लगेच ओळखतो म्हणणाऱ्या मंडळींनी त्याच एलपींची वर्षानुवर्षं वाहवा केली होती. प्रकरण कोर्टात गेलं.

जाता जाता, मुंबई

क्रिकेट स्मिथ हा कॉर्नेटवाला 1913-14 मध्ये जेम्स रीस युरोपच्या ऑर्केस्ट्रात होता. कृष्णवर्णीय वादकांच्या अगदी सुरुवातीच्या तबकड्यांमध्ये त्याचा आवाज आहे. आणि हाच माणूस 1936 मध्ये मुंबईत ताजमहाल हॉटेलात वाजवत होता. इथे त्याने तबकड्याही केल्या, एकीचं नाव 'ताजमहाल'. त्या काळच्या बँडांमध्ये गोव्याचे कितीतरी वादक होते. आल्दोनाचा आंतोनियो शाव्हियेर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, त्यांच्यातला सगळ्यात नामी. नरेश फर्नांडिस यांनी हा सगळा काळ 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' या 2012 च्या पुस्तकात मांडला, सोबत जुन्या ध्वनिमुद्रणांची सीडी होती. चिक चॉकलेटचं नाव उरलं. त्याच्या मागे बसून वाजवणाऱ्या बहुतेकांची नावं लेबलवर नव्हतीच.

तर माळ्यावर आजोबांच्या तबकड्यांचा गठ्ठा असेल, तर भंगारवाल्याला द्यायच्या आधी लेबल आणि शेजारचा कोरलेला आकडा यांचा नीट उजेडात फोटो काढून आम्हाला पाठवा. आणि एक. पुसायला सॅनिटायझर किंवा स्पिरिट वापरू नका. लाख त्यात विरघळते. कोरडं मऊ फडकं बास. भेटू पुढच्या भागात.