टेम्पो, ४०७, छोटा हत्ती, पिकअप : आपला माल कोणी नेला

टोमॅटोचा तोडा चालू आहे आणि दोघा-तिघांनी विचारलं, जुनी पिकअप घेऊ का? त्याआधी थोडं मागचं सांगतो.

मालाच्या कुठल्याही छोट्या गाडीला आपण टेम्पो म्हणतो. टेम्पो हे मुळात हॅम्बुर्गच्या एका जर्मन कंपनीचं नाव. तिच्याशी करार करून नवलमल फिरोदियांनी १९५८ साली बजाज टेम्पो काढली. पुढं एक चाक, मागं दोन, अशी ती हॅन्सिएट गाडी. २००५ ला कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं, पण गावात टेम्पो तो टेम्पोच.

माझ्या लहानपणी मात्र आमच्या भागातला माल मोठ्या ट्रकनेच जायचा. ट्रक पूर्ण भरल्याशिवाय हलायचा नाही. कोणाचे वीस डाग, कोणाचे पन्नास. शेवटच्या माणसाचा माल येईस्तोवर तळातल्या करंडीला पाणी सुटायचं. मुंबईत कुठल्या आडत्याकडे उतरायचं हेपण गाडीवालाच ठरवायचा. वडील पट्टी येईल तेवढी घ्यायचे. विचारणार कोणाला?

१९८० नंतर जपानी तंत्राचे हलके ट्रक आले: डीसीएम टोयोटा, स्वराज माझदा, आयशर मित्सुबिशी, आल्विन निसान. त्यांना टाटांचं उत्तर म्हणजे १९८६ ची ४०७. चार-पाच जणांत भरणारी गाडी. संध्याकाळी तोडलेला माल पहाटे बाजारात, आणि कुठल्या बाजारात ते आपण ठरवायचं. माझ्या मते आपल्याकडं खरा फरक इथंच पडला. २००५ ला टाटा एस आली, म्हणजे आपला छोटा हत्ती. दोन सिलिंडर, पाऊण टन. एकट्याच्या मालालासुद्धा गाडी मिळायला लागली.

या दोघींच्या मधली जागा पिकअपने घेतली. महिंद्राची जात मूळ जीपची, स्वातंत्र्याच्या सुमारास विलीज जीप जोडण्यापासून सुरू झालेली. बोलेरो आली २००० साली, आणि तिच्या तोंडाची पिकअप आज प्रत्येक मार्केट यार्डात दिसते. खाली शिडीसारखी चासी, मागं जाड एक्सल आणि कमानपाटे. वजन पेलतं ते या तिघांवर. हौदा किती लांब आहे त्यावर नाही.

आता हिशोब बघा. गाडी १.७ टनी म्हणजे १,७०० किलो. पण आरसीवरच्या रिकाम्या वजनात ड्रायव्हर धरलेला नसतो. केबिनमधली दोन माणसं १४० किलो धरली तर उरले १,५६०. टोमॅटोचा क्रेट प्लास्टिकसकट २२ किलो. म्हणजे ७० क्रेट. हौद्यात १२० बसतात, म्हणून लोक १२० भरतात.

मग मागं पाटे वाढवायचे. त्यानं गाडी बसत नाही एवढंच. एक्सल, टायर, ब्रेक तेच राहतात. उलट बऱ्याच पिकअपना मागच्या ब्रेकच्या लाइनवर एक व्हॉल्व्ह असतो. गाडी मागून किती दबली त्यावरून तो मागच्या चाकांना ब्रेकचा जोर सोडतो. पाटे वाढवले की गाडी दबत नाही, व्हॉल्व्हला वाटतं हौदा हलका आहे, आणि जोर कमी सोडला जातो. भरल्या गाडीनं माळशेज उतरताना याचा अर्थ काय ते मेकॅनिकला विचारा. घाट खालच्या गिअरमध्येच उतरवायचा, नुसत्या ब्रेकवर नाही.

लायसन्सबद्दलही विचारणा होती. एकूण ७,५०० किलोपर्यंतची मालगाडी साध्या एलएमव्ही लायसन्सवर चालते. सुप्रीम कोर्टानं २०१७ ला तसं सांगितलं, नोव्हेंबर २०२४ ला घटनापीठानं कायम केलं. पिकअप यात आरामात बसते. जास्त वजनाचा दंड मात्र २०१९ च्या कायद्यानं २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,०००.

जुनी गाडी बघायला गेलात तर आधी खाली वाकून पाटे मोजा, मग इंजिन सुरू करायला सांगा.