श्रीलंकेची सुट्टी : कोरडा ऋतू, पौर्णिमा आणि आपले कॅलेंडर

चळवळीतल्या कार्यकर्त्याला विचारा, की वर्षभरात रजा किती घेतली? तो जयंती, शिबिरे, मोर्चे, धम्म परिषदा यांची यादी सांगेल. रजा संपते तीही कामातच. नुसते फिरायला जाणे म्हणजे चैन, ती आपल्याला शोभत नाही, अशी समजूत आपल्या वस्त्यांमध्ये अजून आहे. आम्हाला ती मान्य नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्याच काळात, १९४५ मध्ये, कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन बारमाही कारखान्यांतील कामगारांना पगारी रजेचा हक्क मिळाला. विश्रांती हा कामगाराचा हक्क आहे, उपकार नव्हे, हे आपल्याला कायद्याच्या भाषेत मिळालेले आहे. ते वापरायला संकोच कशाला?

आता प्रश्न कुठे आणि कधी जायचे याचा. पहिल्यांदा पासपोर्ट काढणाऱ्या बौद्ध तरुणांच्या यादीत श्रीलंका बहुधा वरच असते. मुंबईहून कोलंबो विमानाने साधारण अडीच तास. घड्याळही बदलावे लागत नाही, दोन्ही देशांची वेळ एकच. समुद्र आहे, डोंगर आहेत, आणि अनुराधपूर आहे. पण डिसेंबर ते मार्च हा ‘तिकडचा सीझन’ एवढेच ऐकून तिकिटे काढली, तर निम्मी सहल छत्रीखाली होण्याची शक्यता असते.

एक बेट, दोन पावसाळे

श्रीलंकेला आपल्यासारखा एक पावसाळा नाही, दोन आहेत. मे ते सप्टेंबर नैऋत्य मान्सून येतो तेव्हा कोलंबो, गॉल आणि डोंगराचा पश्चिम उतार भिजतो. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्य मान्सून असतो, तेव्हा पाऊस त्रिंकोमाली, बट्टिकलोआ आणि उत्तर-मध्येच्या कोरड्या पट्ट्यात पडतो. मधले ऑक्टोबर-नोव्हेंबर तर जवळपास सगळीकडेच ओले असतात. बंगालच्या उपसागरातली वादळेही याच सुमारास येतात. २०२५ च्या नोव्हेंबरअखेर दित्वा चक्रीवादळाने डोंगराळ भागात दरडी कोसळल्या, मोठी जीवितहानी झाली आणि रेल्वेमार्गाचेही नुकसान झाले. म्हणून कँडी ते एल्ला ही प्रसिद्ध रेल्वे त्या वेळी पूर्ण मार्गावर धावते आहे का, हे तिकिटाआधी विचारून घ्या.

आपल्या दृष्टीने अडचण अशी, की समुद्रकिनारा आणि धम्मस्थळे एकाच वेळी कोरडी नसतात. दक्षिण आणि पश्चिम किनारा डिसेंबरपासून मार्चपर्यंत छान असतो, समुद्र शांत असतो. पण अनुराधपूर, मिहिंतले, पोलोन्नरुव डिसेंबरमध्ये अनेकदा पावसात असतात. जानेवारीच्या शेवटी तिकडचा पाऊस ओसरू लागतो. फेब्रुवारीत बेटाचा बराचसा भाग कोरडा मिळतो, तलाव भरलेले असतात आणि ऊनही एप्रिलसारखे भाजत नाही.

‘थंड’ या शब्दानेही फसू नका. कोलंबोत या दिवसांतही दुपारी तीस अंशांच्या आसपास असते आणि घाम सुटतोच. थंडी हवी तर नुवर एलिया. ते गाव १,८६८ मीटर उंचीवर आहे, जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली जातो. स्वेटर न्यायचा तो तिथल्यासाठी.

आपल्या तारखा

प्रवासी कंपन्यांचे कॅलेंडर नाताळ आणि नववर्षाभोवती फिरते, आपले तसे नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमी, १ जानेवारीला भीमा कोरेगाव, ३ जानेवारीला सावित्रीमाईंची जयंती, २६ जानेवारीला वस्तीत झेंडावंदन आणि संविधानाचे वाचन. मधले नाताळचे दोन आठवडे मोकळे दिसतात खरे, पण तेव्हा विमानभाडे आणि हॉटेलांचे दर सर्वांत चढे, आणि उत्तर-मध्य भाग ओला. २७ जानेवारीनंतरचे आठ-दहा दिवस मात्र हवामानालाही जुळतात आणि आपल्यालाही. ७ फेब्रुवारीच्या रमाई जयंतीला घरी असायचे असेल तर त्याआधी परत या, नाहीतर जयंती झाल्यावर निघा. घरात दहावी-बारावीचे कोणी असेल तर या वर्षी विषय सोडून द्यावा हे बरे. (एप्रिलचा मध्य आम्ही विचारातच घेतलेला नाही. तिथले सिंहली-तमिळ नववर्ष १३-१४ एप्रिलला येते, आणि १४ एप्रिलला आपल्यातले कोण देश सोडून जाणार आहे?)

दुसरे गणित पौर्णिमेचे. श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमेला ‘पोया’ म्हणतात आणि ती सार्वजनिक सुट्टी असते. बँका, सरकारी कार्यालये बंद असतात, दारूविक्रीला बंदी असते, मांसाची दुकानेही बंद राहतात. पांढऱ्या कपड्यांतली कुटुंबे अष्टशील घेऊन दिवसभर विहारात बसलेली दिसतात. मार्गशीर्ष पौर्णिमा म्हणजे त्यांची उंदुवप पोया, थेरी संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन आल्याचा दिवस. पौष पौर्णिमा दुरुतु, तिला केलनियाच्या विहाराची मिरवणूक निघते. माघ पौर्णिमा नवम, तेव्हा कोलंबोच्या गंगारामय विहाराची मोठी पेरहेरा असते. माघ पौर्णिमा बहुधा फेब्रुवारीच्या आसपास येत असल्याने वर सांगितलेल्या खिडकीत ती सापडू शकते. पोयाला मुक्काम अनुराधपुरात असेल तर खोली खूप आधी ठरवा आणि त्या दिवशी लांबचा बसप्रवास ठेवू नका, बसमध्ये उभे राहायलाही जागा मिळत नाही.

काय पाहावे, किती पाहावे

‘सात दिवसांत बावीस स्थळे’ अशी धम्मयात्रेची पत्रके आपल्याकडे फिरतात. माणसे पहाटे चारला बसमध्ये बसतात, रात्री दहाला उतरतात आणि परतल्यावर स्तूपांची नावेही एकमेकांत मिसळलेली असतात. आमचा सल्ला उलटा आहे. आठ दिवस असतील तर चार मुक्काम पुरेत: अनुराधपूर, दंबुल्ल, कँडी आणि शेवटी दक्षिणेचा एखादा किनारा. विमानतळ कोलंबोच्या उत्तरेला नेगोंबोजवळ असल्याने उतरल्यावर कोलंबोत न शिरता थेट उत्तरेकडे निघता येते.

अनुराधपुराला किमान दोन रात्री द्या. इथला श्री महाबोधी इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात लावलेला. माणसाने लावलेल्या आणि लावल्याचा काळ ज्ञात असलेल्या झाडांमध्ये तो जगात सर्वांत जुना मानला जातो. शेजारीच रुवनवेलिसाय आणि जेतवनारामय हे स्तूप. जेतवनारामय निव्वळ विटांचा आहे आणि मुळात तो सुमारे १२२ मीटर उंच होता. संध्याकाळी महाबोधीपाशी बसा. आपण घरी म्हणतो तेच त्रिशरण, तेच पंचशील, तीच ‘इतिपि सो’ वंदना कानावर येते, चाल थोडी वेगळी. भाषा न येणारा माणूसही तिथे परका राहत नाही. मिहिंतले तिथून जवळ आहे. थेर महेंद्र आणि राजा देवानंपिय तिस्स यांची भेट जिथे झाली असे मानतात ती टेकडी. पायऱ्या १,८४० आहेत, सकाळी लवकर चढा.

दंबुल्लच्या लेण्यांतील चित्रे आणि सिगिरियाच्या कड्यावरील पाचव्या शतकातील चित्रे अजिंठा पाहिलेल्या माणसाने जरूर पाहावीत. तुलना आपोआप सुरू होते. पोलोन्नरुवचे गल विहार एका दिवसात करून येता येते: एकाच खडकात कोरलेल्या चार बुद्धमूर्ती, त्यातली महापरिनिर्वाण मुद्रेतील मूर्ती सुमारे १४ मीटर लांब. बऱ्याच पुरातत्त्व स्थळांवर सार्क देशांच्या नागरिकांना तिकिटात सवलत मिळते. ती मागावी लागते आणि पासपोर्ट दाखवावा लागतो, म्हणून तो हॉटेलात ठेवून जाऊ नका.

कँडीत दंतधातूचे विहार आहे. जागतिक बौद्ध बंधुत्व परिषदेसाठी १९५० मध्ये बाबासाहेब श्रीलंकेत आले होते. धम्म तिथे प्रत्यक्ष कसा आचरला जातो, हे त्यांना पाहायचे होते. आपणही तसेच पाहावे, कारण काही गोष्टी आपल्याला खटकतील. दंतविहाराच्या परिसरातच विष्णू आणि पत्तिनी यांची देवळे आहेत आणि पुष्कळ सिंहली बौद्ध तिथेही हात जोडतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने तिथे हात जोडायची गरज नाही, आणि रांगेतल्या आजीशी वाद घालायचीही नाही.

जातीचा प्रश्न याहून गंभीर. १७५३ मध्ये सयामहून आलेल्या उपाली थेरांच्या मदतीने इथे उपसंपदा पुन्हा सुरू झाली, पण पुढे त्या सयाम निकायाचे दार गोविगम या वरच्या जातीपुरते मर्यादित झाले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इतर जातींतील भिक्खूंना उपसंपदेसाठी ब्रह्मदेशातील अमरपूरला जावे लागले आणि त्यातून अमरपूर निकाय उभा राहिला. डोंगरातील चहाच्या मळ्यांत फोटो काढताना हेही लक्षात असू द्या, की ब्रिटिशांनी तमिळनाडूतून आणलेल्या या मजुरांमध्ये दलितांची संख्या मोठी होती, आणि १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने त्यांतील बहुसंख्यांना नागरिकत्वच नाकारले. मिळवायला अनेक दशके लागली. पाने खुडणाऱ्या बाईचा फोटो विचारल्याशिवाय काढू नये, एवढे तरी आपल्याला कळायला हवे. १९८३ ते २००९ च्या यादवी युद्धाबद्दल कोणी बोलले तर ऐकून घ्या, तमिळ आणि सिंहली दोघांचेही.

शेवटचे दोन दिवस किनाऱ्यावर काढा आणि तिथे काहीही पाहू नका. दक्षिणेकडे या ऋतूत समुद्र शांत असला तरी ओढ असतेच, स्थानिकांना विचारूनच पाण्यात उतरा.

विहारातले वागणे आणि इतर सोय

विहारात पांढरे कपडे, खांदे आणि गुडघे झाकलेले. आपल्याकडे पांढरे कपडे घरोघरी आहेतच, नवे घ्यायची गरज नाही. चप्पल आणि टोपी बाहेर. दुपारी दगड तापतात, पायमोजे जवळ ठेवा. बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी काढणे तिथे अपमान समजला जातो. अंगावर बुद्धांचा टॅटू असेल तर तो झाकून ठेवा. २०१४ मध्ये दंडावर असा टॅटू असलेल्या एका ब्रिटिश पर्यटक महिलेला अटक करून परत पाठवण्यात आले होते. २०१७ मध्ये तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने तिला भरपाई देण्याचा आदेश दिला, पण तोवर तिची सहल संपलेली होती.

जेवण आपल्याला परके नाही: भात, डाळ, नारळ. शाकाहारी असाल तर ‘पोल संबोल’ या खोबऱ्याच्या चटणीत सुक्या माशाचा चुरा असतो, आधी विचारा. पावसानंतर डेंग्यू वाढतो, म्हणून डास पळवणारे मलम घ्या.

पैशांसाठी आमच्या पाहण्यातला सर्वांत चांगला मार्ग म्हणजे प्रवासाची वेगळी भिशी. आठ-दहा जणांनी वर्षभर दरमहा ठरावीक रक्कम टाकायची, कर्ज काढायचे नाही. आठ-दहा जण असतील तर तिथे चालकासह एक व्हॅन ठरवता येते आणि माणशी खर्च उतरतो. हिशेब एकाच माणसाकडे ठेवू नका, दोघांकडे ठेवा.

व्हिसासाठी इंटरनेटवरून आगाऊ परवानगी घ्यावी लागते. तिचे नियम आणि शुल्क गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलले आहेत, म्हणून फक्त श्रीलंका सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहा; तसेच दिसणारी आणि जादा पैसे घेणारी संकेतस्थळे पुष्कळ आहेत. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेनंतर किमान सहा महिने असावी. ज्यांना तो पहिल्यांदाच काढायचा आहे त्यांनी पावसाळ्यातच अर्ज करावा. पुण्या-मुंबईत भाड्याने राहणाऱ्यांची पोलीस पडताळणी पत्त्यापाशी अडते, भाडेकरार आणि आधारवरचा पत्ता आधी जुळवून घ्या.