दर्याचा नारळ

आपल्याकडील साधूंच्या व फकिरांच्या हाती नावेच्या घाटाचे जे काळेभोर भिक्षापात्र दिसते, ते पुष्कळदा एका परदेशी फळाच्या करवंटीचे असते. त्या फळाला आपण दर्याचा नारळ म्हणतो. या नावातच आपल्या पूर्वजांचे एक जुने कोडे दडलेले आहे. लाटांबरोबर किनाऱ्याला लागणाऱ्या या जोडनारळाचे झाड कोणी पाहिलेच नव्हते. तेव्हा ते समुद्राच्या तळाशी वाढत असावे, असा तर्क लोकांनी केला.

१५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या वैद्याने त्याला मालदीवचा नारळ म्हटले आहे. विषावरचा उतारा म्हणून त्याचा लौकिक मोठा होता. मालदीवात सापडलेले प्रत्येक फळ राजाचे असे. कोणी एकाएकी श्रीमंत झाला, की त्याला हा नारळ सापडला असे लोक म्हणत, असे तेथे अडकून पडलेला फ्रेंच प्रवासी पिरार सांगतो. सम्राट दुसरा रुडॉल्फ याच्या दरबारी तर १६०२ साली त्याची करवंटी चांदीत मढवून सुरई केली गेली.

कोडे उलगडले १७६८ मध्ये. फ्रेंच मोहिमेतील लोकांना सेशेल्सच्या प्रालँ बेटावर या माडांचे रानच आढळले. प्रालँ आणि त्याला लागून असलेले चिमुकले क्युरिअज, एवढेच त्याचे माहेर. पुढच्याच वर्षी एक गलबत भरून नारळ हिंदुस्थानात विकावयास आले, आणि भाव कोसळला.

मग हा माड इतरत्र का पसरला नाही? याचे बी जगातील सर्वांत जड आहे. ताजे फळ पाण्यात बुडते. तरंगते ते आतून कुजून पोकळ झालेले. म्हणजे राजेरजवाड्यांनी जपून ठेवले ते सारे मेलेले बी होते!

फळ पिकावयास सहा-सात वर्षे लागतात; तोडावयास घटका पुरते. म्हणून १९७८ साली सेशेल्समध्ये त्याच्या व्यापारावर कायद्याने निर्बंध आले, आणि १९८३ मध्ये प्रालँवरील माडांचे खोरे जागतिक वारसा ठरले. तरीही चोरटी तोड थांबलेली नाही.

अज्ञानापोटी आपण या फळाला देवत्व दिले आणि ज्ञान होताच बाजार मांडला. जाणूनही जपणे, ही तिसरी पायरी आम्हांला सर्वांत अवघड वाटते.