आमान्सियो डिसिल्वा : मुंबईचा गिटारवादक, लंडनचा रचनाकार

गिटार हे वाद्य आता आपल्याला परके राहिलेले नाही. विंचूर, लासलगाव, निफाड या परिसरातील एखादा युवक ते हाती घेतो, दोन-चार स्वरमेळ शिकतो आणि उपासनेच्या वेळी गायकवृंदाला साथ देऊ लागतो. परंतु याच सहा तारांवर एका भारतीय कॅथलिक कलावंताने जॅझ आणि रागसंगीत यांची सांगड घातली होती, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. त्या कलावंताचे नाव आमान्सियो डिसिल्वा. त्यांच्या कारकिर्दीचा अल्प परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

जन्म आणि वारसा

आमान्सियो यांचा जन्म १९३६ साली मुंबईत एका गोमंतकीय कुटुंबात झाला. गोमंतकीय ख्रिस्ती समाजाला संगीताचा वारसा मिळाला तो प्रामुख्याने चर्चला जोडलेल्या शाळांतून. पोर्तुगीज राजवटीत या शाळांत मुलांना स्वरलेखन वाचणे, समूहात गाणे आणि व्हायोलिन वाजवणे शिकवले जाई. हे शिक्षण घेतलेले अनेक जण पोटापाण्यासाठी मुंबईत आले. कोणी हॉटेलांतील वाद्यवृंदांत बसले, तर कोणी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात. अँथनी गोन्साल्विस, सॅबॅस्टियन डिसूझा, चिक चॉकलेट ही त्यांतील काही ठळक नावे. मुंबईत जॅझ रुजले ते याच मंडळींमुळे.

याच वातावरणात आमान्सियो घडले. हॉटेलांतील वाद्यवृंदांत वाजवता वाजवता त्यांचे नाव झाले. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी यांनी त्यांच्या वादनावर प्रसन्न होऊन त्यांना एक उत्तम गिटार दिली, असे सांगितले जाते. ‘महाराणी’ आणि ‘जयपूर’ ही त्यांच्या दोन रचनांची नावे आहेत.

लंडनमधील वर्षे

१९६७ साली ते सहकुटुंब लंडनला गेले. तेथे निर्माते डेनिस प्रेस्टन यांनी त्यांचे गुण हेरले. १९६९ साली ‘इंटिग्रेशन’ ही त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. इंग्लंडमधील अग्रगण्य वादक डॉन रेंडेल आणि इयन कार तीत त्यांच्याबरोबर होते. ‘इंटिग्रेशन’ म्हणजे एकात्मीकरण. पुढे त्यांनी जे कार्य केले, त्याचे सार या एका शब्दात आले आहे.

त्याच वर्षी ‘हम दोनो’ ही ध्वनिमुद्रिका झाली. तीतील दुसरे प्रमुख वादक होते सॅक्सोफोनवादक जो हॅरियट. जमैकात जन्मलेले हॅरियट ‘सिस्टर्स ऑफ मर्सी’ या संघाच्या धर्मभगिनी चालवत असलेल्या अल्फा बॉइज स्कूलमध्ये वाढले आणि तेथेच वाद्य वाजवण्यास शिकले. एकाला संगीत लाभले ते गोमंतकीय समाजाच्या परंपरेतून, दुसऱ्याला धर्मभगिनींच्या शाळेतून. लंडनमध्ये परके असलेले हे दोघे एकत्र आले, तेव्हा ध्वनिमुद्रिकेला हिंदी नाव मिळाले. याच ध्वनिमुद्रिकेत ‘बॅलड फॉर गोवा’ ही पूर्वजांच्या भूमीचे नाव धारण करणारी आमान्सियो यांची रचना आहे.

१९७१ साली ‘रिफ्लेक्शन्स’ आणि १९७२ साली ‘कॉस्मिक आय’ या वादकसमूहासह ‘ड्रीम सिक्वेन्स’ या ध्वनिमुद्रिका आल्या. ‘ड्रीम सिक्वेन्स’मध्ये तबल्याची साथ केशव साठे यांची होती. गोमंतकीय गिटार आणि मराठी तबलावादक यांची भेट लंडनमध्ये व्हावी, याचे आम्हांस कौतुक वाटते.

वादनाचे वेगळेपण

जॅझमध्ये बहुधा पोलादी तारांची विद्युत गिटार वाजवली जाते, आणि तारा छेडण्यासाठी छोटी पट्टी वापरतात. क्लासिकल गिटारला मात्र नायलॉनच्या तारा असतात आणि ती बोटांनी वाजवली जाते. अमेरिकेचे चार्ली बर्ड यांनी १९५४ साली थोर वादक सेगोव्हिया यांच्याकडे शिक्षण घेऊन क्लासिकल गिटार जॅझमध्ये आणली. आमान्सियो यांनी विद्युत गिटारवरच राहून दुसरी वाट धरली. ते वळले भारतीय संगीताकडे.

ही वाट सोपी नव्हती. गिटारचे पडदे ठराविक जागी पक्के बसवलेले असतात. त्यामुळे एका स्वरातून दुसऱ्या स्वरात सहज सरकत जाणारी मींड काढणे कठीण जाते. त्यासाठी सतारीप्रमाणे तार आडवी खेचावी लागते. शिवाय जॅझचा डोलारा बदलत्या स्वरमेळांवर उभा असतो, तर राग एकाच षड्जाभोवती फुलतो. या दोहोंचा मेळ घालताना एकाचा जीव जाण्याची भीती असते. आमान्सियो यांच्या रचनांत दोन्ही जिवंत राहिले, हे त्यांचे खरे यश होय.

उशिरा मिळालेला मान

१९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांनी ‘कोंकण डान्स’ ध्वनिमुद्रित केली; परंतु ती प्रकाशित झाली नाही. पूर्वीच्या ध्वनिमुद्रिकाही कालांतराने बाजारातून दिसेनाशा झाल्या. उत्तरायुष्यात आमान्सियो यांनी लंडनमध्ये विद्यादानाचे काम केले. १९९६ साली, वयाच्या साठाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ‘कोंकण डान्स’ प्रकाशात आली ती २००६ साली, त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी. त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकांचीही पुढे संग्राहकांनी आणि नव्या श्रोत्यांनी आवर्जून दखल घेतली.

आपल्या समाजातील किती वादकांची नावे अशीच विस्मरणात गेली असतील! हॉटेलातील वाद्यवृंदात मागच्या रांगेत बसणारा, चित्रपटाच्या श्रेयनामावलीत कोठेही न दिसणारा वादक अखेर कोणाच्या तरी घरचाच असतो. आमान्सियो यांचे संगीत ध्वनिमुद्रित झाले होते, म्हणूनच ते परत मिळाले. ज्यांचे ध्वनिमुद्रण कधी झालेच नाही, त्यांच्या आठवणी तरी घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवाव्यात, अशी वाचकांस आमची विनंती आहे. आणि ज्या युवकांच्या हाती आज गिटार आहे, त्यांनी ‘बॅलड फॉर गोवा’ एकदा शांतपणे ऐकावी. हे वाद्य आपल्या मातीची भाषा किती सहज बोलू शकते, याचा प्रत्यय त्यांना येईल.